विकतचं दुखणं

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळला जाताना साधारण पस्तीस किलोमीटरवर नांदगाव खंडेश्वर लागतं. तालुक्याचं गाव. खंडेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ, भोवती कापूस, सोयाबीन, तूर. शहरातून सायकलवर लांब निघालेली मंडळी सकाळच्या चहाला इथं थांबतात. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेली भडक जर्सी आणि गुडघ्याच्या वरच संपणारी काळी घट्ट चड्डी. असा माणूस टपरीसमोर सायकल टेकवतो आणि बाकावरची चौकशी ठरलेल्या क्रमानं सुरू होते.

“काऊन भाऊ, यष्टी चुकली काय?”

“नाही, सायकलनंच चाललो.”

“कुठी?”

“यवतमाळले.”

“पैज लागली काय कोनासंग?”

“नाही हो.”

“मंग डाक्टरनं सांगतलं?”

तेही नाही म्हटल्यावर बाकावरचे एकमेकांकडे पाहतात. मग कोणीतरी सायकलची किंमत विचारतो. आकडा ऐकला की ‘येवढ्यात तं मोटरसायकल आली असती’ असा निकाल लागतो आणि एखादे आजोबा कपातला शेवटचा घोट घेऊन म्हणतात, “म्हंजे विकतचं दुखनं घेतलं म्हना की!”

निकाल शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की हे दुखणं पहिल्यांदा विकत घेतलं कोणी? आणि ज्यांच्या वाट्याला ते फुकटात आलं, त्यांचं काय झालं?

सुरुवात जर्मनीत. १८१७ साली कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थानं दोन लाकडी चाकांची एक गाडी केली. तिला पायडल नव्हतं. बसायचं आणि पायांनी जमीन मागं ढकलत पळायचं. गाडी असूनही पळायचं तर आहेच, हे पाहून लोक हसले. म्हणजे सायकल आणि तिच्यावरचं हसू एकाच वर्षी जन्मलं. पुढे १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल आलं. चाकांवर लोखंडी धाव आणि खाली दगडी रस्ते. इंग्रजांनी या गाडीचं नावच ‘हाडं खिळखिळी करणारी’ असं ठेवलं. मग पुढचं चाक छातीइतकं उंच झालं आणि दुखण्याची जात बदलली. चाकापुढं एखादा धोंडा आला की स्वार थेट तोंडावर. असल्याच उंच चाकाच्या सायकलवरून थॉमस स्टीव्हन्स १८८४च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. अफगाणिस्तानातून त्याला परत फिरवलं. मग तो समुद्रमार्गे कराचीला आला, लाहोर गाठलं आणि तिथून थेट कलकत्त्यापर्यंत सायकल हाणली. ग्रँड ट्रंक रोडवरच्या लोकांनी त्याला काय विचारलं असेल, याचा अंदाज नांदगावच्या बाकावर बसून सहज येतो.

बुडाखालच्या गादीची गोष्ट तर औरच. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रूक्स नावाचा कातडी सामान करणारा कारागीर होता. त्याचा घोडा मेला. नवा घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्यानं कामावर जायला कोणाची तरी सायकल मागून आणली. तिची सीट इतकी टोचली, की त्यानं स्वतःच कातड्याची सीट करायला घेतली आणि १८८२ साली तिचं पेटंट काढलं, अशी हकीकत सांगतात. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलींवर जी स्प्रिंगची कातडी सीट असायची, ती याच घराण्यातली. म्हणजे एका माणसाच्या दुखऱ्या बुडानं पुढच्या कित्येक पिढ्यांची सोय केली. ‘सोय’ म्हणायचं ते जपूनच. नवं कातडं मऊ पडेपर्यंत कोण कोणाला मऊ करतंय हा वाद चालूच राहतो.

१८८५ साली स्टार्ली नावाच्या इंग्रजाची सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल आली. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले आणि त्याचं पेटंट घेतलं. हाडांना आराम मिळाला. त्या आरामाबरोबरच पंक्चरही जन्माला आलं. त्याची पुरेपूर किंमत मोजली ती फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम वर्कमन या अमेरिकन दांपत्यानं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत हे दोघं कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत देवळं पाहत सायकलनं फिरले. १९०४ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैल असा आकडा आहे. सोबत चहा, साखर, बिस्किटं, चीज, एकेक ब्लँकेट आणि दुरुस्तीची पेटी. मुक्कामाला उंदरांची सोबत, रात्रभर डास, आणि कधीकधी तर एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर. चाळीस! आपल्याकडे दोन पंक्चर झाली तरी माणूस सायकल झाडाला टेकवून घरी फोन लावतो.

डनलॉपनं टायर काढला त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलीचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईत शिकवायचे. तिथून सायकली पाठवायच्या आणि थोरल्या भावानं, रामुअण्णांनी, बेळगावात विकायच्या, असा व्यवहार. किंमत सातशे ते हजार रुपये. त्या काळच्या कारकुनाला हा आकडा ऐकूनच चक्कर आली असती. शिवाय चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. मराठी मुलखात पडायचीसुद्धा फी होती ती अशी. पुढे या घराण्यानं नांगर, पंप, इंजिनं केली, कारखान्याभोवती गाव वसवलं. पण उद्योगाची सुरुवात झाली ती धडपडणाऱ्या गिऱ्हाइकाला सीटमागून धरून पळण्यानं. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे.

मग आले मुंबईचे सहा पारशी तरुण. १९२०च्या सुमारास मुंबईत ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसानं युरोपातून पायी भारतात कसा आलो, यावर व्याख्यान दिलं. ते डोक्यात बसलं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातले सहा जण जग पाहायला सायकलनं निघाले. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा सगळा फेरा करून १९२८च्या मार्चमध्ये परत आले ते तिघं : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा. साडेचार वर्षं, सत्तर हजारांवर किलोमीटर. एक जण तेहरानहूनच परतला होता, एकाला अमेरिका आवडली आणि तो तिथंच राहिला. १९२४ साली फ्रामरोझ दावर एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्टावयानिक हा जोडीदार मिळाला आणि दोघांनी सायकली घेऊन सहारा ओलांडलं. वाळूत सायकल चालत नाही, हे कोणालाही कळतं. ती ओढत न्यावी लागते, आणि ओढत नेणारा माणूस अर्ध्या तासानंतर स्वतःशीच हसू लागतो. हे मी अनुभवानं सांगतो, फक्त माझ्याकडे वाळूऐवजी चिखल होता.

आता या चिखलाकडे येऊ, कारण इथून या दुखण्याच्या वंशावळीची दुसरी, गरजेची शाखा सुरू होते. तिच्यावर पुस्तकं नाहीत.

वऱ्हाडात सायकल हौसेनं फार थोड्यांनी घेतली. इथं ती बैलजोडीच्या खालोखाल कामाचं साधन होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे तालुक्याला जाणारा गवळी, कॅरिअरवर कापडाचा गठ्ठा बांधून बाजारामागून बाजार करणारा फेरीवाला, पोस्टमन, कुल्फीवाला, खेड्यातून रोज कॉलेजला येणारी पोरं, बदलीच्या गावी खोली न मिळालेले मास्तर. यांतल्या कित्येकांचं रोजचं येणं-जाणं वीस-तीस किलोमीटर सहज असायचं. त्याला कोणी मोहीम म्हटलं नाही, पोचल्यावर कोणी हार घातला नाही. उशीर झाला तर बोलणी मात्र बसायची.

सायकल शिकायची ती तासाच्या भाड्यानं. पाय पुरत नसत म्हणून दांडीखालून पाय घालून ‘कैची’ मारायची, मग दांडीवरून हाफ पायडल, मग सीट. नडगीवर पायडलचा एक तरी वण नसलेला त्या पिढीतला माणूस दाखवावा. नगरपालिकेचा बिल्ला नसला की दंड, रात्री दिवा नसला की दंड, डबलसीट दिसलं की शिट्टी. डायनमोचा दिवा जोरात चालवलं तरच उजेड द्यायचा, म्हणजे खड्डा दिसावा म्हणून वेग वाढवायचा आणि वेग वाढला म्हणून त्याच खड्ड्यात जायचं.

आणि रस्ते. पावसाळ्यात पांदणीत शिरलं की आमची काळी माती चाकाला धरते. आधी टायरवर एक थर येतो, मग दुसरा, मग मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा भरून जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीनं खरवडा, चार पावलं ढकला, पुन्हा खरवडा. शेवटी स्वार सायकलीवर नसतो, सायकल स्वाराच्या खांद्यावर असते आणि तीही मातीसकट. त्यातच धुऱ्यावरून कोणीतरी ओरडतं, “आता तिले खाली उतरव बाप्पा, दमली असंन!”

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा आणि पुढं पश्चिमेचं वारं. अकोल्याकडे तोंड करून मे महिन्यात सायकल चालवणाऱ्याला हे वारं छातीवर हात ठेवून मागं ढकलतं. उतार असला तरी पायडल मारावंच लागतं. परतीला तेच वारं पाठीशी घ्यावं म्हटलं, तर नेमकं संध्याकाळी पडतं.

पण वऱ्हाडी सायकलवाल्याचा खरा वैरी बाभूळ. शेताला काट्याचं कुंपण घालायला फांद्या गाडीवरून ओढून नेतात आणि मागं रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो. वर्कमन बाईंची चाळीस पंक्चर मला म्हणूनच अतिशयोक्ती वाटत नाहीत. पंक्चर काढण्याचा सगळा विधी पाहण्यासारखा असतो. चाक उलटं करून टायरची एक कड लिव्हरनं वर काढायची, आतून ट्यूब ओढायची, हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात वीत-वीत दाबत न्यायची. बुडबुडा दिसला की तिथं बोट. ती जागा पुसायची, कानशीनं घासायची, सोल्युशन लावायचं, फुंकर मारून जरा सुकू द्यायचं, जुन्या ट्यूबचा गोल तुकडा बसवायचा आणि हातोडीनं हलकेच ठोकायचा. इथंच नवखा फसतो. पंक्चर निघालं म्हणून तो खुशीत टायर चढवतो. काटा मात्र टायरमध्येच असतो. अर्ध्या मैलावर पुन्हा फुस्स. जाणता मिस्त्री आधी टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरवतो, बोटाला टोचलं की समाधानानं “हे पाय, सापडला” म्हणतो. दुसऱ्याच्या गाडीतला काटा स्वतःच्या बोटात घेऊन खूश होणारी ही जमात आता विरळ होत चालली आहे.

गंमत म्हणजे अमरावतीला व्यायामाची परंपरा जुनी. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, आणि त्याचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आलं. पण सायकल चालवणं हा व्यायाम आहे, असं आमच्या गावाकडे कोणाच्या मनातही आलं नाही. व्यायाम म्हणजे काम संपल्यावर करायची गोष्ट. सायकल हेच काम.

या दोन शाखा, हौसेची आणि गरजेची, एकत्र आणल्या त्या एका वैदर्भीय माणसानं. १९८५च्या डिसेंबरात वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी ‘भारत जोडो’ काढलं : कन्याकुमारी ते काश्मीर, सुमारे पाच हजार किलोमीटर, शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर. देशात तेव्हा पंजाब पेटलेला होता. बाबांनी साधन निवडलं ते खेड्यातल्या माणसाला परकं न वाटणारं. हेलिकॉप्टरातून उतरणाऱ्याशी लोक अदबीनं बोलतात, सायकलवरून धापा टाकत आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग मनातलं बोलतात. १९८८ साली दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. यातला विनोद नियतीचा आहे. मणक्याच्या विकारामुळं बाबांना बसताच येत नसे, उभं राहायचं किंवा आडवं पडायचं. म्हणजे दिवसभर सीटवर बसणाऱ्यांच्या या यात्रेचा म्होरक्या असा माणूस होता, ज्याला सीट शक्यच नव्हती. पोरांनी बूड दुखतं म्हणून तक्रार करायची तरी कोणापुढं?

त्यानंतर हप्त्यावरची मोटरसायकल आली. गवळ्याच्या कॅनला इंजिन लागलं, पोस्टमनकडे स्कूटी आली, सायकलींची दुकानं मोबाइलची झाली. घरची काळी सायकल गोठ्यात गेली, तिच्या हँडलवर वैरणीचे दोर लटकले. आणि नेमकी याच सुमारास शहरात सायकल परत आली : गिअरची, आठ-नऊ किलोची, आणि खूप महाग.

हिच्याबरोबर आला बीआरएम हा ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायचा प्रकार. मूळ फ्रान्समधला. १८९१ साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही जवळजवळ १२०० किलोमीटरची शर्यत झाली आणि शार्ल तेरों यानं ती साधारण ७१ तासांत, न झोपता जिंकली. आज तीच वाट ९० तासांत पुरी करायची असते आणि ती शर्यत राहिलेली नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. आपल्याकडच्या बीआरएमनाही हाच नियम : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. बक्षीस नाही. पदक हवं तर पैसे भरून घ्या. विकतचं दुखणं म्हणतात ते याहून शब्दशः कसं असेल?

आणि दुखतं काय काय! पहिल्या शंभरात बूड. ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून त्यावर विनोद होतात. पुढं तळहात. हँडलवर भार पडून मनगटाजवळची नस दबते आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. काहींना घरी आल्यावर दोन-चार दिवस शर्टाची गुंडी लावता येत नाही. सीट खाली असेल तर गुडघे बोलू लागतात. चारशेच्या पुढं झोप. माणसाला रस्त्यावरच्या दगडात म्हैस दिसते आणि तो तिला वाट सोडतो. सगळ्यात विचित्र दुखणं मानेचं. अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारी सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रॅम’ नावाची शर्यत आहे. १९८३ साली तिच्यात मायकेल शेर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायू थकून गेले आणि डोकं छातीवर पडलं, उचलेचना. त्या दुखण्याला आता त्याचंच नाव आहे. मग डोकं वर धरायला पट्ट्या, नळ्या, काय मिळेल ते बांधून लोक पुढं जातात.

या रॅममध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या संघातून शर्यत पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. समर्थ तेवढ्यावर थांबले नाहीत, पुढच्याच वर्षी रशियात नऊ हजारांवर किलोमीटरची सैबेरियापारची शर्यतही करून आले. लक्षात घ्या, यातले बहुतेक डॉक्टर आहेत. दुखतं कुठं आणि का, हे इतरांपेक्षा चांगलं कळत असूनही ही मंडळी गेली. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं विशीच्या उंबरठ्यावर २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. वाटेत कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं.

हौसेची शाखा अशी भरभरून वाढली. आता तिची नोंदवही आहे, पदकं आहेत, मोबाइलवर मोजलेला प्रत्येक किलोमीटर आहे. गरजेची शाखा संपली असं मात्र समजू नका. पहाटे नांदगावच्या रस्त्यावर आजही सायकलीच्या दांडीला डबा अडकवून मजुरीला जाणारे दिसतात. बाजूनं जर्सीवाला गेला की दोघं एकमेकांकडे बघतात. याला वाटतं, त्याची सायकल किती जड. त्याला वाटतं, हा बिचारा कोणत्या कामाला चालला. हसू दोघांनाही येतं आणि दोघांचंही चूक नसतं.

या दोघांचा त्रास मात्र एकच, रस्त्याचा, आणि तो त्यांच्या हातातला नाही. समृद्धी महामार्ग नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो. त्यावर दुचाकीलाच बंदी, सायकलीचं तर नावच नको. वेगाचा रस्ता आहे, तेव्हा ती बंदी योग्यच. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात २०२२च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर पडलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. उत्तमच झालं. पण आपले बाकीचे राज्य रस्ते आणि जिल्हा रस्ते पाहा. डांबराची कड संपते तिथं वीतभर खोल पायरी, खाली मुरूम वाहून गेलेला. मागून ट्रक आला की सायकलवाला त्या पायरीवरून खाली जातो. मग त्याची सायकल लाखाची असो की गोठ्यातली.

हे दुरुस्त करायला विक्रम लागत नाही. रस्त्याचं नवं काम निघेल तेव्हा दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या पावसाळ्याआधी मुरूम टाकून डांबराच्या पातळीला भरा आणि दाबून घ्या. जिथं रुंदीकरण होतंय तिथं कडेला मीटरभर डांबरी पट्टी सायकलीसाठी सोडा. ग्रामसभेत, आमदाराच्या दौऱ्यात, बांधकाम खात्याच्या अर्जात ही मागणी लिहून द्या, रस्त्याच्या नावासकट आणि किलोमीटरच्या दगडाच्या आकड्यासकट.